धोक्याचे स्वरूप

चरईतल्या आमच्या मशिदीला
(हो, सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो, पणज्यापासून;
याच शब्दापायी अर्ज एकदा परत आला)
सुरक्षा अनुदान मिळणार आहे.
मिळणार म्हणजे, मिळू शकतं.
आधी बावीस प्रश्न.

खजिनदार मी. एडना रोहेकर, पोस्टातून निवृत्त,
म्हणून कुठलाही फॉर्म आधी माझ्या दारात येतो.
इमारतीचं वय: एकशे चाळीस, धरून चाला.
खिडक्या: अकरा.
प्रवेशद्वारं: दोन. मागचं लागत नाही, चौकट फुगलीय.
रहामिम म्हणाला, फुगलीय काय लिहितेस,
लिही, असुरक्षित.

तीन दरपत्रकं जोडली.
वागळे इस्टेटचा पोरगा सर्वांत स्वस्त.
नमुना म्हणून महिनाभर चार कॅमेरे फुकट लावून गेला,
वर म्हणाला, मावशी, कॅमेऱ्याला सुट्टी नसते.
मी म्हटलं, आम्हाला असते.
शनिवारी बटण दाबायचं कुणी,
यावर कमिटीची सभा झाली. दोन तास. चहा दोनदा.
ठरलं ते असं: शुक्रवारी दिवस मावळायच्या आत सुरू करायचं
आणि मग त्याच्याकडे बघायचं नाही.

प्रश्न सतरा. धोक्याचे स्वरूप सांगा.
पाचशे अक्षरांत.

इथे मी तीन रात्री अडले.
नवगावच्या खडकावर जहाज फुटलं
तो एक धोका होता, समुद्राचा.
मग गावोगाव तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद,
लोक शनवार तेली म्हणाले,
म्हणाले, आणि तेल घेऊन गेले.
हे लिहून अनुदान मिळत नाही.

मात्र त्या नोव्हेंबरनंतर फाटकावर पोलीस बसतो, तेही खरं.
खुर्ची आमची, पंखा आमचा.
तेव्हा आठवडाभर मी सुद्धा
आतून कडी लावून मेणबत्त्या पेटवल्या होत्या.
लिहिताना हात तिथे जातो आणि परत येतो.

शेवटी रविवारी चित्रण लावून बसले.
फाटक: शेवंता पष्टे, डोक्यावर झेंडूची पाटी,
समोरच्या देवळासाठी. आमच्याच नळावर पाणी मारते फुलांवर,
वीस वर्षं झाली. नळाला रकाना नाही.
मागचं दार: मांजर.
मांजर पुन्हा.
कॅमेरा तीन: बाकं.
बाकं, बाकं, आणि पुढच्या रांगेत नऊ माणसं.
दहा पुरुष लागतात. मी मोजली जात नाही,
तो फॉर्म वेगळा आहे, तो मी अजून मागवलेला नाही.
नऊजण घड्याळाकडे बघतात.
सॅमसन चपला घालून बाहेर जातो, रस्ता बघून परत येतो.
चाळीस मिनिटं. मी पुढे ढकलली नाहीत,
त्यांच्यासोबत बसून काढली.
एक बाक अश्दोदला गेलेलं,
एक लोदला, एक कळव्याच्या इस्पितळातून थेट कबरस्तानात.

नऊ बावन्न. फाटकावर एक पोरगा, पाठीवर काळी बॅग.
यंत्राने त्याच्याभोवती लाल चौकट आखली,
खाली लिहिलं: अनोळखी.
पोलीस उठला. बॅग उघडली. डबा, चार्जर, टोपी.
पनवेलचा दिवेकर, ऐरोलीला नवी नोकरी,
सगळं नंतर कळलं.
पडद्यावर आवाज नाही. एवढंच दिसतं
की लाल चौकट अंगण ओलांडून आत येते
आणि नऊ माणसं एकदम उभी राहतात.

प्रश्न सतराला मी रहामिमने सांगितलं तेच लिहिलं:
अनोळखी व्यक्तींचा अनिर्बंध प्रवेश.
अक्षरं उरली भरपूर.

पोराला फोन केला, तेवढा भाग ठेव बाबा.
म्हणाला, मावशी, तीस दिवसांनी
आपोआप पुसलं जातं.
साठवणीचे पैसे वेगळे पडतील.
किती ते विचारून ठेवलंय.